तीन कोटी तेहतीस लाख तेहतीस हजार तीनशे एकतीस

४ फेब्रुवारी

विहीणबाई,

नमस्कार. माझं अक्षर पाहून दचकू नका, घरी सगळे खुशाल आहेत. मुलांच्या लग्नाला सहा वर्षं झाली आणि या सहा वर्षांत मी तुम्हाला पहिल्यांदाच पत्र लिहितोय. फोन केला असता, पण फोनवर मला हल्ली नुसती खरखर ऐकू येते. घरात फोन आमची हीच घेते आणि मला जेवढं सांगायचं तेवढंच सांगते.

तर काम असं आहे. चाळीस वर्षं मी हिशेबाची यंत्रं दुरुस्त केली, हे तुम्हाला ठाऊक आहे. निवृत्त झालो तरी जुनी गिऱ्हाइकं एखादं यंत्र आणून टाकतात. गेल्या महिन्यात असंच एक आलं. त्याचं तीनचं बटण अडकायचं. एकदा दाबलं की कागदाच्या पट्टीवर तीनावर तीन पडत जायचे. साफसफाई केली, तेल घातलं, शेवटी एकचं बटण दाबून पाहिलं. पट्टीवर उमटलं ३३३३३१. यंत्र बरोबर चालतंय का हे पाहायला मी नेहमी समोरच्या आकड्याला कशानेतरी भागून बघतो. या आकड्याला मी कशाकशाने भागलं, पण भाग काही जाईना. मग त्यातला एक तीन काढला, तरी जाईना. एक वाढवला, तरी तेच.

सूनबाईला विचारलं. तिने संगणकावर बघून कळवलं, "बाबा, ३१, ३३१, ३३३१ पासून सहा तीन आणि एक, म्हणजे ३३३३३३१ पर्यंत सगळ्या मूळ संख्या आहेत. एक आणि स्वतः सोडून त्यांना कुणीच भागू शकत नाही." सातवी तिला पाहू दिली नाही. चाळीस वर्षं मी ज्या यंत्राची सेवा केली, त्याने हे एक काम माझ्यासाठी करावं अशी इच्छा आहे. माझ्याकडे हाताने फिरवायचं जुनं यंत्र आहे, वीज लागत नाही.

पण ३३३३३३३१ ला भागायचं तरी किती आकड्यांनी? तीन कोटी वेळा मूठ फिरवली तर खांदा निखळेल. सूनबाई म्हणाली, "आईला विचारा. तिने पस्तीस वर्षं गणित शिकवलंय." म्हणून हा उपद्व्याप. राग मानू नका.

आपला,
व्याही

*

१२ फेब्रुवारी

व्याहीबुवा,

नमस्कार. पत्र पाहून दचकले नाही, पण दोनदा वाचलं. सहा वर्षांनी आठवण झाली तीही तीनच्या बटणामुळे, असो.

तुमचा खांदा वाचवण्याचा उपाय सोपा आहे. एखाद्या संख्येचे दोन भाग पडत असतील, म्हणजे ती दोन संख्यांचा गुणाकार असेल, तर त्या जोडीतला एक तरी बुटका असतोच. दोघंही उंच असते तर गुणाकार संख्येच्या वर गेला असता. किती बुटका? तर वर्गमूळापेक्षा मोठा नाही. तुमच्या संख्येचं वर्गमूळ ५७७३ च्या जरासं वर आहे, हे मी तोंडी काढलं. तेव्हा तिथपर्यंतच जायचं. तेही सगळ्या आकड्यांनी नाही, फक्त मूळ संख्यांनी. दोनाने भाग गेला नाही तर चाराने आणि सहाने कशाला बघायचं? अशा मूळ संख्या साडेसातशेच्या आसपास भरतील.

त्यांतला तीन तर आत्ताच बाद करा. आकड्यांची बेरीज करायची, तिला तीनाने भाग गेला तर संख्येलाही जातो. तुमची बेरीज बावीस. नाही जात.

माझ्याकडे मूळ संख्यांच्या कोष्टकाचं एक जुनं पुस्तक आहे. शाळेने रद्दीत काढलं तेव्हा मी उचलून आणलं होतं. त्यातून उतरवून यादी पाठवते. सोबत १५०० पर्यंतची आहे. दुपारी मला दुसरं काम नसतं.

एक अट. भाग जात नाही म्हणून अंदाजे पुढे सरकायचं नाही. प्रत्येक बाकी वहीत लिहायची. मी वही तपासायला मागेन.

विहीण

*

२७ फेब्रुवारी

विहीणबाई,

वही घातली. समास आखला आहे.

रोज सकाळी चहा झाला की वीस भागाकार. यंत्रावर भागाकार म्हणजे उलट मूठ फिरवून वजा करत जायचं. जास्त वजा झालं की घंटी वाजते, मग एक फेरा परत घ्यायचा आणि पुढच्या घरात सरकायचं. शेवटी खिडकीत उरते ती बाकी. घंटी मला ऐकू येत नाही, पण यंत्रावर डावा हात ठेवला की तळव्याला कळते. ही म्हणते, "माझ्या हाकेला कधी असा हात लावून बसला नाहीत."

१५०० पर्यंत पोचलो. सात, अकरा, तेरा सगळ्यांनी धडका मारल्या, कुणीही आत शिरलं नाही. जसजसा पुढे जातोय तसतसा आकड्याबद्दल आदर वाढतोय. आणि एक सांगू? ही सातवीही मूळ निघाली तर पुढची आठवी, नववी, सगळ्याच निघणार असं माझं मन सांगतं. आमच्या जुन्या कारखान्याच्या माडीवर आम्ही निवृत्त लोक महिन्यातून एकदा जमतो. तिथे मे महिन्यात मी 'एक नवा नियम' या विषयावर बोलणार असल्याची सूचना फळ्यावर लावून टाकली आहे. ही हसली. तुम्ही हसू नका.

तुमची यादी अगदी चोख आहे. एकही चूक नाही. पुढची पाठवा. पुस्तकाचा टाइप फार बारीक आहे का हो?

आपला,
व्याही

*

१९ मार्च

व्याहीबुवा,

सहा तीन आणि एक मूळ निघाले म्हणून सात तीन आणि एकही निघेल, असं गणितात चालत नाही. सलग सहा दिवस वेळेवर आलेली बस सातव्या दिवशी वेळेवर येईलच असं आहे का? फळ्यावरची सूचना पुसून टाका.

यादी चोख आहे असं लिहिलंत. खरंच? नीट पाहिलंत ना? तुम्ही शिष्टाचारापोटी लिहिलं असेल तर तसं सांगा. मला चूक दाखवलेली आवडते. वर्गात चूक दाखवणाऱ्या मुलीला मी खडू बक्षीस द्यायची.

पण चोख असेल तर मला बरं वाटलं. किती बरं वाटलं ते तुम्हाला कळणार नाही.

टाइप नेहमीसारखाच आहे. चष्मा दोन वर्षांपूर्वी बदललाय, डोळ्यांना काही झालेलं नाही. सोबत ४००० पर्यंतची यादी. यंत्राच्या घंटीची गंमत वाचून मोठ्याने हसले. घरात बऱ्याच दिवसांनी हसण्याचा आवाज झाला.

विहीण

*

१५ मार्च

विहीणबाई,

पोस्टखातं सुधारलं म्हणायचं. एकोणीस तारखेला लिहिलेलं पत्र मला चौदालाच मिळालं! पाकिटावर शिक्का अकराचा आहे. घाईत होतं असं, मीही एकदा अख्खा जानेवारी मागच्याच सालात काढला होता.

सूचना पुसणार नाही. बसचं म्हणाल तर आमच्या थांब्यावरची बस एकही दिवस वेळेवर येत नाही, आणि त्यातही तिचा नियम मोडत नाही.

यादी पुन्हा एकदा नीट पाहिली. चोख.

आता घरची बातमी. सूनबाईचा हिला फोन आला होता. जूनच्या मध्यावर तिचे दिवस भरताहेत हे तुम्हाला माहीत आहेच. "आई कधी येणार हे सांगतच नाही, विषय बदलते," म्हणत होती. चिरंजीवांना त्या महिन्यात बाहेरगावी जावं लागणार आहे. हिच्या कमरेचं दुखणं असं की पोर उचलायचं सोडा, स्वतःची पिशवीही हिला उचलवत नाही. तेव्हा सगळी भिस्त तुमच्यावर. तिकीट लवकर काढा, मागाहून जागा मिळत नाही.

आपला,
व्याही

*

२ एप्रिल

व्याहीबुवा,

५७७३ पर्यंतची उरलेली यादी सोबत आहे. तुमचं काम आता माझ्याशिवाय पुरं होईल.

जूनमध्ये मला जमणार नाही. गुडघे दुखतात. तिथे दोन महिन्यांसाठी एखादी चांगली बाई ठेवावी, हल्ली शिकलेल्या बायका मिळतात. लेकीला मी कळवलं आहे.

कोष्टकाचं पुस्तक मी शाळेच्या वाचनालयाला परत देतेय. इतर पुस्तकंही देऊन टाकली. उगाच धूळ खात होती.

विहीण

*

९ एप्रिल

विहीणबाई,

तुमचं पत्र वाचून मी वही मिटली. आज एकही भागाकार केला नाही.

मी यंत्रातला माणूस, गोड बोलायला शिकलो नाही. सूनबाई परवा फोनवर रडली. तिला बाई नको, आई हवी. गुडघे दुखतात म्हणे! तुम्ही तीन जिने चढून शाळेच्या वाचनालयात जाता असं हिला मागच्याच फोनवर तुमच्या मुलीनेच सांगितलं होतं.

मला ठाऊक आहे काय आहे ते. लग्नातला राग तुमच्या मनातून गेला नाही. सगळ्यांचा एकत्र फोटो काढताना तुम्ही माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिलात, आजही तो फोटो आमच्या बैठकीत तसाच आहे. येणारा-जाणारा विचारतो, "या कोण रुसलेल्या?" आमचं काय चुकलं ते तेव्हा कळलं नाही, आजही कळलेलं नाही. पण राग माझ्यावर असेल तर माझ्यावर काढा. त्या पोरीने काय केलंय?

कडू लिहिलं. खोडत नाही.

व्याही

*

१६ एप्रिल

व्याहीबुवा,

तुमचं पत्र आलं तेव्हा वाटलं फाडून टाकावं. मग वाटलं, या माणसाने निदान सरळ विचारलं तरी.

लग्नातलं आधी संपवते. मी तुमच्या शेजारी येऊन नमस्कार केला, "दमलात का?" म्हणून विचारलं. तुम्ही वर छताकडे बघत राहिलात. मुलाकडचे आहेत, शिष्ट असतील, असं म्हणून मी पाठ फिरवली. राग आला होता, हो. पण सहा वर्षं राग धरून ठेवायला माझ्याकडे वेळ कुठे होता? तो केव्हाच विरला.

गुडघेही ठणठणीत आहेत. खरं काय ते सांगते. लेकीला सांगणार नाही असं वचन द्या, मगच पुढे वाचा.

माझं डोकं चालेनासं झालंय. गेल्या वर्षापासून. ४१ नंबरच्या बसने जायचं तर ४९ मध्ये बसते आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला उतरते. दवाखान्यात अकरा तारखेला बोलावलं होतं, मी एकोणीसला गेले. जुन्या शिक्षिकांचं जेवण एकवीसला होतं, पत्रिका माझ्या हातात होती, आणि मी एकोणतीसला नटूनथटून बंद दारासमोर उभी. चहात साखरेऐवजी मीठ. तुमच्या पत्रावर घातलेली तारीख तुम्हीच पाहिलीत.

तुम्ही यादी चोख आहे म्हणालात तेव्हा जीव भांड्यात पडला होता. वाटलं, गणित तरी शाबूत आहे. मग मार्चच्या शेवटी पहिल्या यादीची माझ्याकडची प्रत सहज चाळली, तर त्यात १३०९! व्याहीबुवा, १३०९ ला सातानेही भाग जातो, अकरानेही आणि सतरानेही. सातवीतली मुलगीसुद्धा ही संख्या मूळ म्हणून लिहिणार नाही. मी लिहिली, आणि तुम्ही न बघताच चोख म्हणालात. पुढच्या याद्या तपासायचं धाडस झालं नाही.

माझ्या आईचं असंच झालं. आधी तारखा, मग नावं. माझी लेक तीन महिन्यांची असताना मी अर्ध्या तासासाठी बाहेर गेले होते. परत आले तर आई शांत बसलेली. "बाळ कुठाय?" तर म्हणाली, "कुठलं बाळ?" सगळं घर पालथं घातलं. गॅलरीत सापडली, जमिनीवर, टळटळीत उन्हात, रडून रडून झोपलेली. ती आज आई होणार आहे. तिचं बाळ माझ्या हातात द्यायचं?

मी एका वृद्धाश्रमाचा अर्ज आणून ठेवला आहे. अजून भरलेला नाही. बाई ठेवा म्हणाले ते याचसाठी.

विहीण

*

२१ एप्रिल

विहीणबाई,

वचन पाळतो. हिलाही सांगितलं नाही, पाकीट खिशात घेऊन फिरतोय.

आधी माझा गुन्हा कबूल करतो. १३०९ मला फेब्रुवारीतच सापडला होता. तेवढाच नाही, तुमच्या तिन्ही याद्यांत मिळून चार चुका आहेत आणि मी चारही गुपचूप दुरुस्त करून घेतल्या. गणिताच्या बाईंना यंत्रवाल्याने चूक दाखवायची म्हणजे मला तोंडात मारल्यासारखं वाटलं. माझ्या भिडेपायी तुम्ही महिनाभर खोट्या समाधानात राहिलात आणि नंतर खोट्या भीतीत. हो, खोट्याच. आता शांतपणे वाचा, आणि मध्ये बोलू नका.

या त्या चार संख्या, शेजाऱ्यांसकट. तुमच्याच अक्षरातून उतरवतोय:

१३०९, १३०३, १३०७
२०८७, २०८९, २०९१, २१११
२६६३, २६७९, २६७७
४३७३, ४३९९, ४३९७

मला गणित येत नाही, पण रांग कळते. १३०९ हा १३०३ च्या आधी कसा? २६७९ नंतर २६७७ कसा? रांग मोडली म्हणून तर मी थबकलो. २०९१ तेवढा रांगेत बसला होता, पण तो तुमच्याच युक्तीने पकडला: आकड्यांची बेरीज बारा, तीनाने भाग जातो. त्या जागी कोण असायला हवं होतं ते यंत्रावर शोधलं. १३०१. २०९९. २६७१. ४३९१. चारही ठिकाणी फक्त शेवटचा आकडा बदललाय. एकाचा नऊ झालाय, किंवा नवाचा एक. दुसरी कुठलीच चूक नाही, साडेसातशे संख्यांत!

आता बसचा नंबर बघा. एक्केचाळीसची एकोणपन्नास. अकराची एकोणीस. एकवीसची एकोणतीस. अहो, प्रत्येक ठिकाणी तेच दोघं! विसरणारं डोकं इतकं शिस्तीत विसरत नाही. ते एकदा तारीख विसरेल, एकदा किल्ली, एकदा माणूस. माझ्याकडे यंत्र आलं की मी पहिलं हेच बघतो. आतला दाता तुटला असेल तर चूक कुठेही, कशीही येते. पण चूक नेहमी एकाच जातीची असेल तर मी आत हात घालतच नाही. खिडकीची काच पुसतो.

विहीणबाई, तुमचे डोळे. तुम्ही १३०१ बघत होता आणि तुम्हाला १३०९ दिसत होतं. चष्मा दोन वर्षांपूर्वीचा आहे म्हणता, दोन वर्षांत काचेवर किती मळ बसतो हे मला विचारा. तोंडी वर्गमूळ काढणारी बाई आणि डोकं चालत नाही म्हणे! मीठ आणि साखरेचं म्हणाल तर ते मी डोळे शाबूत असताना करतो.

वृद्धाश्रमाचा अर्ज ड्रॉवरमध्ये ठेवा आणि उद्याच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. माझं चुकलं असेल तर जूनमध्ये मी स्वतः जाऊन पोर सांभाळीन, मला कशाचीच सवय नसली तरी.

लग्नात तुम्ही डाव्या बाजूने बोलला असाल. तो कान तेव्हापासूनच गेलेला आहे. छताकडे बघत होतो कारण पंखा डुगडुगत होता, खाली नवरा-नवरी उभे होते. आत्ता माफी मागतो.

आणि हो. काल शेवटच्या ५७४९ ने भागून झालं. बाकी उरली. ३३३३३३३१ मूळ आहे. सगळ्यात आधी तुम्हाला सांगतोय.

आपला,
व्याही

*

१३ मे

व्याहीबुवा,

तुमच्यावर दोन दिवस भयंकर चिडले होते. चार चुका, आणि 'चोख'! माझ्या वर्गात असता तर बाकावर उभं केलं असतं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेले.

डॉक्टर पोरगेलीशी आहे. तिने डोळ्यात थेंब घातले, दिवा मारला आणि म्हणाली, "आजी, तुम्ही इतके दिवस वाचत तरी कशा होता?" दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा पूर्ण पिकलेला. भिंतीवरच्या तक्त्यावर शेवटून तिसऱ्या ओळीत मला सगळे नऊच दिसले. मी तिला आईबद्दल विचारलं. तिने मला पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले, इकडचं तिकडचं बोलली, नवऱ्याची तक्रार केली, मग शब्द विचारले. पाचही सांगितले, आणि तिच्या नवऱ्याची तक्रारही शब्दशः म्हणून दाखवली. ती खुर्चीवरून पडायची राहिली.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन ६ तारखेला झालं. डोळ्यावर पट्टी, वाकायचं नाही, वाचायचं नाही, उशीवर सरळ पडून राहायचं. सकाळपासून दुपारपर्यंत पंखा बघितला. (डुगडुगत नव्हता.) मग म्हटलं, यांच्या आठव्या संख्येचं बघू. कागद नाही, डोळा नाही, मग तोंडीच.

तुमच्या एका संख्येवरून पुढची कशी मिळते? दहापट करायची आणि एकवीस मिळवायचे. ३१ चे ३१०, अधिक २१, झाले ३३१. मग एवढा मोठा आकडा डोक्यात वागवायची गरजच नाही, नुसती बाकी वागवली तरी पुरे. तिचीच दहापट करायची, एकवीस मिळवायचे आणि पुन्हा भागायचं. सातापासून सुरू केलं. सात, अकरा, तेरा, तिघांचंही आठव्या संख्येला काही चालेना. मग सतरा घेतला. ३१ ला सतराने भागलं तर बाकी चौदा. पुढच्या संख्येची आठ. मग सोळा. मग अकरा, बारा, पाच. तुमच्या सातव्या संख्येची तीन, तुमच्या वहीत असेल, बघा. आणि तीनचे तीस, अधिक एकवीस, एक्कावन्न.

एक्कावन्न म्हणजे सतरा त्रिक.

व्याहीबुवा, ३३३३३३३३१ ला सतराने भाग जातो. बाकी शून्य. तुमचा नियम सातव्या संख्येवर थांबला. आणि सतरा एकदाच येऊन जाणार नाही, बाक्या फिरून फिरून त्याच येतात, दर सोळा संख्यांनी तो पुन्हा दारात उभा. मी पट्टीखालून इतकी रडले की परिचारिका धावत आली. "दुखतंय का?" म्हणाली. मी म्हटलं, "नाही गं, गणित सुटलं."

तुमच्या नियमाचं वाईट वाटलं. तुमच्या भाषणाआधी कळावं म्हणून वाचायची परवानगी मिळाल्याबरोबर लिहितेय. अक्षर कसं दिसतंय? मला तर खडूने लिहिल्यासारखं लख्ख दिसतंय.

दुसरा डोळा २० तारखेला. लेकीला सगळं सांगितलं. आधी रडली, मग ओरडली, मग तिकीट काढलं.

विहीण

*

२५ मे

विहीणबाई,

तुमचं पत्र वाचलं आणि सरळ यंत्रापाशी गेलो. आकडा लावला, सतरा लावला, मूठ फिरवायला लागलो. ते दोन महिने खिडकीत रोज काही ना काही उरायचं. या वेळी एकेक घर रिकामं होत गेलं आणि शेवटी सगळीकडे शून्य. हात मुठीवर तसाच ठेवून बसलो. १९६०७८४३ वेळा भाग गेला, अगदी पूर्ण. खोटं कशाला सांगू, दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. ही म्हणाली, "अहो, कुणी गेलं का?" म्हटलं, "नियम गेला."

तरीही फळ्यावरची सूचना मी काढली नाही. नुसता 'नवा' हा शब्द पुसून तिथे 'मोडका' लिहिलं. शनिवारी माडीवर बावीस जण आले, एरवी नऊ येतात. मी सातही संख्या एकाखाली एक लिहिल्या. जिन्यासारखा छान आकार झाला. "आता पुढची सांगा," म्हटलं, तर सगळे एका सुरात ओरडले, "मूळ!" मग आमच्या जुन्या विक्रीप्रमुखांना यंत्रावर बसवलं. सतराने भागून त्यांनी खिडकीत बघितलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितलं आणि म्हणाले, "तुझं यंत्र बिघडलंय." त्यावरून तीन मेकॅनिक आपापसांत असे जुंपले की चहा आला तरी कुणी कप उचलेना. प्रत्येकाने स्वतः भागून बघितलं. प्रत्येकाचं शून्य.

मी सांगितलं, "हे आमच्या विहीणबाईंनी शोधलं, डोळ्यावर पट्टी असताना, तोंडी." कुणी विश्वास ठेवला नाही. एवढं मात्र सगळे मान्य करून गेले की तीन कोटी तेहतीस लाख तेहतीस हजार तीनशे एकतीस ही पक्की आहे. ती मी साडेसातशे वेळा ठोकून बघितली आहे, ती कुणाच्या बापाला फुटायची नाही.

दुसऱ्या डोळ्याचं कळवा. प्रवासात उन्हाचा काळा चष्मा लावा. हिने टोपरी विणली आहेत, पार्सल सरळ सूनबाईकडे पाठवतोय.

आपला,
व्याही

*

२९ जून

व्याहीबुवा,

नात झाली हे जावयांनी तारेसारखं त्रोटक कळवलंच असेल. सविस्तर लिहायचं ते मी लिहितेय. नाक तुमच्याकडचं आहे, मोठं. कान कुणाचे ते अजून ठरत नाही. रडताना भुवया अशा वर करते की जणू आपल्यालाच जाब विचारतेय. टोपरी दोन बसली, एक तिच्या बाबाच्या डोक्याला बसेल एवढं आहे. वहिनींना सांगा की पुढच्या वर्षी कामाला येईल.

पहिला आठवडा मी तिला घ्यायचं टाळलं. लेकीने द्यावी, मी म्हणावं, "थांब, हात ओले आहेत." डोळे सुधारले, डॉक्टर हसली, सतराचा पाढा जागेवर आहे, सगळं कळत होतं. तरी हात पुढे होईनात. लेक माझ्याकडे नुसती बघायची आणि बाळ पुन्हा स्वतःच्या छातीशी धरायची.

काल तिला टाके दाखवायला जायचं होतं. परवाच बाहेरगावाहून परतलेले जावई तिला घेऊन निघाले. दारात तिने बाळ माझ्या हातात ठेवलं, विचारलं नाही, सांगितलं नाही, चपला घातल्या आणि गेली. मी जिन्यापर्यंत हाका मारत गेले. मग बाळाने जांभई दिली, म्हणून परत आले.

दवाखान्यात गर्दी होती. सकाळी अकराला गेलेले दोघं तीनला आले. चार तास मी आणि ती. लेकीने काढून ठेवलेलं दूध पाजलं, लंगोट तीनदा बदलला, झोपवली, उठली, पुन्हा झोपवली. खाली ठेवली तेव्हा कुठे ठेवलीय हे मोठ्याने बोलून ठेवलं, "पाळण्यात ठेवलीय, खिडकीपाशी, उजव्या कुशीवर." बोलायची गरज नव्हती. प्रत्येक वेळी ती तिथेच होती.

लेक आली, तिने पाळण्यात बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "आई, तू जेवलीस का?"

तेवढं राहून गेलं होतं.

तुम्ही दोघं कधी येताय? जावई सांगतात तुम्हाला गाडीची घोषणा ऐकू येत नाही म्हणून तुम्ही प्रवास टाळता. डबा आणि जागा मी वहिनींना फोनवर नीट सांगते. स्टेशनवर मी स्वतः येईन. उजव्या बाजूने हाक मारीन.

तुमची,
विहीण